ड्रायव्हर बसला म्हणजे काम झालं नाही : डेटाबेस जोडताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पायथनमधला छोटा प्रोग्रॅम बसवून दिला होता. गिऱ्हाईक कोण, ऑर्डर काय, किती डझन माल गेला, बस एवढंच. डेटाबेस त्यांचा जुनाच, मायएसक्यूएल. ड्रायव्हर बसवला, इंग्रजीत ‘टेस्ट’ नावाचं एक गिऱ्हाईक भरलं, ते परत वाचून दाखवलं, चहा घेतला आणि निघालो. चौथ्या दिवशी फोन आला. “सर, भरलेली नावं सगळी गेली की ओ. नुसती प्रश्नचिन्हं दिसायलेत.”

चूक शंभर टक्के माझी. तिच्याकडे येतोच, पण त्याआधी वाटेतल्या बाकीच्या खड्ड्यांबद्दल बोलू. कॉलेजची पोरं प्रोजेक्टच्या दिवसांत फोन करतात ते बहुतेक त्याच खड्ड्यांत पडून.

आपल्याकडे चादरीच्या दुकानात मालक मराठी बोलतो, विणकर तेलुगू आणि गिऱ्हाईक कर्नाटकातून आलेलं असतं. मधला पोऱ्या तिघांचं तिघांना समजावतो. डेटाबेस ड्रायव्हर म्हणजे तोच पोऱ्या. तुमचा प्रोग्रॅम पायथन बोलतो, सर्व्हर त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि मधे हा. तो कामावर हजर झाला, एवढंच ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ या ओळीचा अर्थ. त्याला बोलता येतं की नाही, हे ती ओळ सांगत नाही.

माल एका घरी, शोध दुसऱ्या घरी

“इन्स्टॉल झालंय, तरी ‘नो मॉड्यूल नेम्ड’ म्हणतंय” ही तक्रार सगळ्यात जास्त येते. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन पायथन असतात: एक कधीतरी टाकलेला, एक एडिटरसोबत आलेला, एक मित्राने बसवून दिलेला. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) ड्रायव्हर एकात ठेवला आणि प्रोग्रॅम दुसऱ्यातून चालतोय. पिप सुटा चालवू नका. ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ असं लिहा, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात माल पडतो. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं पायथनचं वेगळं घर. नव्या उबुंटू आणि डेबियनवर तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप काही टाकूच देत नाही, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतं. तिथे जबरदस्तीचा पर्याय देऊन पुढे जाणारे पुढच्या अपडेटला रडतात.

याच जातीची आणखी एक गंमत. पोरं सरावाच्या फाइलला ड्रायव्हरचंच नाव देतात, ‘पायमायएसक्यूएल डॉट पीवाय’. मग इम्पोर्ट करताना पायथनला ड्रायव्हरऐवजी हीच फाइल सापडते आणि ती ‘माझ्यात कनेक्ट नावाचं काही नाही’ म्हणते. फाइलचं नाव बदला, प्रश्न मिटला. यात अर्धा दिवस घालवलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत.

नावात बरंच काही आहे

मायएसक्यूएलसाठी पिपवर ‘मायएसक्यूएल-कनेक्टर’ आणि ‘मायएसक्यूएल-कनेक्टर-पायथन’ अशी दोन पॅकेजं दिसतात. पहिलं जुनं, पडून राहिलेलं. ओरॅकलकडून येणारं चालू पॅकेज दुसरं. इम्पोर्ट करायचं नाव दोघांचं एकच, त्यामुळे चुकीचं बसलंय हे लगेच कळत नाही. कळतं ते जोडताना, ‘कॅशिंग शा-टू पासवर्ड’ सपोर्टेड नाही असा एरर आला की. २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून पासवर्ड तपासायची पद्धत बदलली आणि जुन्या ड्रायव्हरला ती येत नाही. अशा वेळी ‘युजरला जुन्या नेटिव्ह पासवर्ड पद्धतीवर न्या’ असा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो ऐकू नका. ८.४ मध्ये ती पद्धत मुळातच बंद ठेवलेली असते आणि ९.० मधून काढूनच टाकली आहे. ड्रायव्हर बदला, सर्व्हरला मागे ओढू नका. पायमायएसक्यूएल वापरत असाल तर सोबत ‘क्रिप्टोग्राफी’ हे पॅकेजही लागतं, ते विसरलात तरी याच ठिकाणी अडाल.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. ‘सायकोपीजी२’ हा त्याचा ड्रायव्हर टाकायला गेलं की ‘पीजी-कॉन्फिग सापडत नाही’ म्हणून लाल अक्षरांचा पूर येतो. ते पॅकेज तुमच्या मशीनवर कंपाइल होतं आणि त्याला सी कंपायलर, पायथनच्या हेडर फाइल्स आणि पोस्टग्रेसची लायब्ररी लागते. शिकण्यापुरतं काम असेल तर त्याचं बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज टाका. खऱ्या सर्व्हरवर मात्र कंपाइल करूनच बसवा, असं ते बनवणारेच सांगतात. विंडोजवर ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस लागेल’ असा एरर आला तर बहुधा तुम्ही परवाच आलेला नवाकोरा पायथन घेतला आहे आणि त्यासाठी तयार पॅकेज अजून निघालेलं नाही. एक आवृत्ती मागे या. ताज्या माव्याची घाई मिठाईच्या दुकानात ठीक.

एरर वाचा, घाबरू नका

जोडणी होत नसेल तर एररचे तीन प्रकार ओळखायला शिका. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पत्त्यावर पोचलात, पण त्या दारामागे कोणी नाही : सर्व्हर बंद आहे, पोर्ट (दाराचा नंबर) चुकलाय किंवा सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतोय. मायएसक्यूएलचा पोर्ट सहसा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर आयपी पत्ता चुकलाय किंवा फायरवॉल वाट अडवतोय. आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ ही खरं तर चांगली बातमी, कारण ड्रायव्हर, नेटवर्क आणि पोर्ट सगळं बरोबर आहे, फक्त युजर किंवा पासवर्ड चुकला. ही बातमी वाचून ड्रायव्हर काढून परत टाकणारे लोक मला अजून भेटतात.

पासवर्डवरून आठवलं. आपल्याकडे अर्ध्या गावाचा पासवर्ड सिद्धेश्वर, ॲट, १२३ असा असतो. असा पासवर्ड जोडणीच्या यूआरएलमध्ये जसाच्या तसा लिहिला की ॲटच्या पुढचा भाग होस्टचं नाव समजला जाऊ शकतो. तिथे ॲटऐवजी ‘टक्का-४०’ लिहावं लागतं. अर्थात पासवर्ड बदललेलाच बरा.

लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हे एकच, असंही समजू नका. लिनक्सवर मायएसक्यूएलची सी लायब्ररी वापरणारे ड्रायव्हर ‘लोकलहोस्ट’ दिसलं की नेटवर्क सोडून त्याच मशीनवरची सॉकेट फाइल (जोडणीची खास फाइल) शोधतात. एक चालत नसेल तर दुसरं लावून बघा. लॅबमध्ये झॅम्प (डेटाबेस सर्व्हरही सोबत आणणारा तयार संच) असेल तर आधी ३३०६ वर नक्की कोण बसलंय ते तपासा. कुणीतरी वेगळा मायएसक्यूएलही टाकलेला असतो, आणि तुम्ही टेबल एकात बनवून दुसऱ्यात शोधत बसता.

दिसलं, पण साठलं नाही

पीएचपी किंवा जावा शिकून पायथनकडे आलेल्यांची हमखास होणारी चूक म्हणजे कमिट, म्हणजे भरलेलं पक्कं करायची आज्ञा, विसरणं. तिकडे प्रत्येक इन्सर्ट आपोआप पक्का होतो. पायथनच्या ड्रायव्हरांसाठी पीईपी २४९ नावाचा नियम आहे आणि त्याप्रमाणे ऑटोकमिट सुरुवातीला बंद असतो. तुम्ही ओळ भरता, त्याच जोडणीवर सिलेक्ट करता, ओळ दिसते. खूश होऊन प्रोग्रॅम बंद करता आणि ओळ गायब.

म्हणून चाचणी घेताना एक पथ्य पाळा. भरा, कमिट करा, जोडणी बंद करा. मग दुसरीच जोडणी उघडून वाचा. शक्य असेल तर दुसऱ्याच प्रोग्रॅममधून, म्हणजे डेटाबेस ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या पीएचपीमायॲडमिनमधून वाचा. ज्याने लिहिलं त्यालाच ‘लिहिलंस का’ विचारून काय उपयोग?

याची उलटी बाजू फार कमी लोकांना माहीत असते. मायएसक्यूएलमध्ये नुसतं वाचणारी जोडणीही व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडते आणि तो संपेपर्यंत पहिल्या वाचनावेळचंच चित्र दाखवत राहते. गोडाऊनमधल्या स्क्रीनवर नवीन ऑर्डर दिसत नाहीत आणि प्रोग्रॅम बंद करून चालू केला की दिसतात, असं झालं तर हेच कारण. वाचून झाल्यावरही कमिट करा.

तसंच, दुपारी चालणारी जोडणी सकाळी ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ म्हणाली तर भूतबाधा शोधू नका. मायएसक्यूएल निष्क्रिय जोडणी २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी तोडतो. कारखाना रात्री ९ ला बंद झाला, सकाळी ९ ला उघडला, मधे १२ तास गेले. काम सुरू करण्यापूर्वी जोडणी जिवंत आहे का ते तपासून, नसेल तर नवी घ्या.

रात्रपाळी चालत असेल तर घड्याळही तपासा. सर्व्हर क्लाउडवर असेल तर त्याची वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ ते पहाटे साडेपाचमधलं उत्पादन आदल्या तारखेत जातं आणि महिनाअखेरीला मुनीमजींचा हिशोब जुळत नाही. दुपारी घेतलेल्या चाचणीत हे कधीच सापडत नाही. एक नोंद मुद्दाम रात्री १ वाजता करून बघा.

आता ती प्रश्नचिन्हं

कारखान्यातला टेबल लॅटिन-वन या जुन्या कॅरॅक्टर सेटमध्ये (साठवता येणाऱ्या अक्षरांच्या यादीत) बनवलेला होता. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत काही न सांगता टेबल बनवला की तोच मिळायचा. त्यात देवनागरीला जागाच नाही. सर्व्हर कडक मोडमध्ये असता तर त्याने एरर देऊन थांबवलं असतं. तो ढिल्या मोडमध्ये होता, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून मुकाट पुढे गेला. माझा ‘टेस्ट’ इंग्रजीत, म्हणून पास.

तेव्हापासून माझ्या चाचणीतला पहिला शब्द ‘सोलापूर’. यात काना-मात्रा-उकार धरून युनिकोडची ७ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे २१ बाइट. शब्द भरून मायएसक्यूएलला त्याची लेंग्थ (किती बाइट) आणि कॅर-लेंग्थ (किती चिन्हं) विचारा. २१ आणि ७ आलं तर सगळं ठीक. दोन्हीकडे ७ आलं तर आत प्रश्नचिन्हं आहेत, मूळ नाव कायमचं गेलं. कॅर-लेंग्थच २१ आली तर बाइट सुटे सुटे साठलेत. स्क्रीनवर गचाळ अक्षरं दिसतील, पण ते बहुधा दुरुस्त होतं, म्हणून घाईने पुसू नका.

सोबत एक तेलुगू नाव, एक कन्नड नाव, रुपयाचं चिन्ह आणि एक इमोजी भरा. पहिली तीन ३ बाइटांत बसतात, इमोजीला ४ लागतात. मायएसक्यूएलमध्ये नुसतं ‘यूटीएफ-८’ लिहिलेल्या जुन्या टेबलात ३ च्या पुढे जागा नसते, म्हणून टेबल ‘यूटीएफ-८-एमबी-४’ मध्येच हवा. इमोजी कशाला, असं मालकांनी मला विचारलं होतं. गिऱ्हाइकांचे पत्ते ते व्हॉट्सॲपवरून कॉपी करतात, हे त्यांच्याच लक्षात आलं नव्हतं.

टेबल बदलला, सर्व्हर कडक मोडवर घेतला. गेलेली नावं मात्र परत येणार नव्हती. मुनीमजींनी लाल बासनातली वही काढली आणि रविवारी दिवसभर बसून आम्ही दोघांनी ती सगळी पुन्हा भरली. ते वाचत होते, मी टाइप करत होतो.