कमी ऐकू येत असताना रोजचं बोलणं कसं सांभाळावं

माझ्या दोन्ही कानांना मशीन लागून 14 वर्षं झाली. घर लालबागला, ऑफिस फोर्टला, मधे करी रोडची लोकल. म्हणजे सगळं बोलणं गोंगाटात. इतक्या वर्षांत सल्ले दोनच मिळाले. मला सांगतात, ‘लक्ष देऊन ऐकत जा’ आणि समोरच्याला सांगतात, ‘जरा मोठ्याने बोला’. दोन्हीचा उपयोग नाही.

कानांची तपासणी झाली आहे, मशीन बसवलंय, ते तुमच्या कानाला जुळवून घेतलंय, असं मी धरून चालते. झालं नसेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून हेच काम करते आहे, नायर रुग्णालयातही विभाग आहे. आधी तिथे जाऊन या.

मोठ्याने बोलून का भागत नाही, एवढं मात्र समजून घ्या, कारण घरच्यांना तुम्हालाच ते समजवायचं आहे. आपलं ऐकणं वयाने उतरतं तेव्हा बहुतेक वेळा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर दणदणीत असतात, ते पोचतात. स, श, फ, ठ ही नुसत्या हवेवर चालणारी अक्षरं गळून पडतात. सात, साठ, आठ या तिन्हींत मला ‘आ’ तेवढा नीट येतो. कुणी ओरडलं की तो ‘आ’च आणखी फुगतो, स आणि ठ होते तिथेच राहतात, वर ओरडताना तोंड वेडंवाकडं झाल्यामुळे ओठांवरून जे कळत होतं तेही जातं. म्हणून मागायचं ते समोर येणं. मोठा आवाज मागू नका.

1. जागा तुम्ही निवडा

खिडकीकडे पाठ करून बसा. उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि रस्त्याचा आवाज तुमच्या मागे राहतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, तेव्हा खुर्ची पुढे ओढायला लाजू नका. मिक्सर किंवा एक्झॉस्ट चालू असताना बोलणं सुरूच करायचं नाही. इराण्याच्या हॉटेलात उंच छत आणि संगमरवरी टेबलं असतात, सगळा आवाज घुमतो. तिथे गल्ल्यापासून लांबचं, भिंतीकडचं टेबल धरा.

2. आधीच सांगा, आणि काय करायचं तेही सांगा

‘मला कमी ऐकू येतं’ एवढंच सांगितलं की माणूस ओरडतो. ‘मला कमी ऐकू येतं, माझ्याकडे बघून बोला’ हे पूर्ण वाक्य. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला ‘भैया, इधर देखके बोलो’ पुरतं.

3. विषय विचारून घ्या

घोळक्यात शिरताना शेजारच्या एकालाच विचारा, ‘कशावर चाललंय?’ विषय कळला की निम्मे शब्द आपोआप जुळतात. मुंबईत भाषाही कळायला हवी. कान मराठीची वाट बघत असतात आणि वाक्य हिंदीत किंवा गुजरातीत येतं, तेव्हा अगदी सोपं बोलणंही हातातून जातं.

4. वाक्य निसटलं की काय करायचं

इथे माझी आठ वर्षं फुकट गेली, म्हणून इथे मी थांबणार आहे.

निसटलं की तोंडात येतं ‘काय?’ किंवा ‘अं?’. हे सोडून द्या. ‘काय?’ ऐकून समोरच्याला कळतच नाही की तुम्हाला किती पोचलं. तो अख्खं वाक्य तसंच्या तसं, जास्त जोरात आणि थोडं वैतागून परत म्हणतो, आणि जे अक्षर पहिल्यांदा पडलं तेच पुन्हा पडतं. तिसऱ्या ‘काय?’ला तो म्हणतो, ‘जाऊ दे, काही नाही’. या ‘काही नाही’ने मला जितकं लागलंय तितकं कशानेही नाही. घरच्यांना स्पष्ट सांगा, हे दोन शब्द आपल्या घरात बोलायचे नाहीत.

त्याऐवजी जे कळलं ते बोलून दाखवा आणि राहिलेलं तेवढंच मागा. माझी धाकटी जाऊ परवा म्हणाली, ‘वहिनी, रविवारी …वलीला यायचंय हं.’ पूर्वी मी ‘काय?’ म्हटलं असतं. आता म्हणाले, ‘रविवारी यायचं, कळलं. बोरिवलीला की डोंबिवलीला?’ ती म्हणाली, ‘डोंबिवलीला.’ एकच शब्द मागितला की माणूस तो सुटा, सावकाश आणि नीट म्हणतो. त्याला तसं सांगावंही लागत नाही. शिवाय तुम्ही ऐकत होता हे त्याला कळतं, आणि कपाळाला आठी पडत नाही.

दुसऱ्यांदाही नाही कळलं तर तेच परत मागू नका, शब्द बदलून मागा: ‘वेगळ्या शब्दांत सांगशील?’ ‘भेंडी’ पडत असेल तर ‘हिरवी, चिकट भाजी’ पोचते. घरातल्यांना ही सवय लावायला मला वर्ष लागलं, पण लागली. तिसऱ्या वेळी लिहून घ्या. फोन पुढे करा, टाइप करायला सांगा, किंवा लाइव्ह ट्रान्सक्राइब हे गूगलचं फुकट अ‍ॅप उघडा. त्याला मराठी येतं. गोंगाटात तेही चुकतं, शांत खोलीत चांगलं चालतं. एकच वाक्य तिसऱ्यांदा कानांनीच ऐकायचा हट्ट नको.

ओठ वाचायला शिका, म्हणजे सगळं सुटेल, असंही कुणीतरी सांगेल. पाय, बाय, माय हे आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. तिन्ही सारखे दिसतात, कारण प, ब, म ओठांवर एकच आहेत. क, ग, ह तर घशाकडेच होतात, दिसत नाहीत. ओठांची मदत घ्या, भरवसा ठेवू नका.

आता सगळ्यात वाईट सवय: न कळता ‘हो, हो’ म्हणून मान हलवणं. सहा वर्षांपूर्वी आईची पोटाची सोनोग्राफी होती. काउंटरवरच्या मुलीच्या तोंडाला मास्क, मधे काच, मागे रांग. ती काहीतरी म्हणाली, मी ‘हो, हो’ म्हटलं आणि चिठ्ठी घेऊन निघाले. ती ‘उपाशीपोटी आणा’ म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी 78 वर्षांच्या आईला मी चहा-खारी देऊन टॅक्सीने नेलं आणि परत आणलं. आई वाटेत काही बोलली नाही. मागच्या चार लोकांना खोळंबायला नको म्हणून मी मान हलवली होती, आणि भोगलं तिने.

तेव्हापासून माझा नियम आहे: जे मला परत सांगता येत नाही त्याला मान हलवायची नाही. दवाखाना, बँक, औषधाचं दुकान इथे तर कळलं असं वाटलं तरी परत म्हणून दाखवते. ‘म्हणजे रात्री 10 नंतर काही खायचं नाही, पाणी चालेल, बरोबर?’ चुकलं असेल तर समोरचा तिथेच सुधारतो. मागच्या रांगेला अर्धा मिनिट थांबू दे.

5. आकडे सुटे करून घ्या

‘आठ चोवीसची की आठ चौतीसची?’ हे लोकलच्या बाबतीत कानावर सोडू नका. ‘दोन-चार का तीन-चार?’ असं विचारा. पैशांचंही तसंच. बाजारात मी मावशींना हाताची बोटं दाखवायला सांगते. कोळणींना यात काही नवल वाटत नाही, बाजाराच्या कलकलाटात सगळेच बोटांनी बोलतात.

6. फोन

शक्य असेल तिथे व्हिडिओ कॉल. नसेल तर प्रश्न असे विचारा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल, आणि पत्ता, वेळ मेसेजवर मागवा.

7. दमण्याआधी उठा

अर्धी अक्षरं ऐकायची आणि उरलेली डोक्याने भरायची, यात माणूस थकतो, आणि थकलं की कळणं आणखी कमी होतं. मग पुन्हा ‘हो, हो’ सुरू होतं. दिवाळीत घर भरलेलं असतं तेव्हा मी दर तासाने दहा मिनिटं गॅलरीत जाऊन बसते. न सांगता उठले तर रुसले असं वाटतं, म्हणून सांगून जाते, ‘कान दमले, येते.’ बऱ्याचदा कुणीतरी पाठोपाठ चहाचे दोन कप घेऊन येतं, आणि समोर बसून बोलतं.