स्लॅब झाला म्हणजे घर निम्मं झालं नाही: ठेकेदाराकडून बांधकाम करून घेताना या चुका टाळा

कराड-सातारा भागात घरांच्या साइटवर देखरेखीचं काम मी बरीच वर्षं करतो. घरमालकाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काम कुठवर आलंय?" उत्तरही ठरलेलं, "लिंटेलला आलंय" (दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत), नाहीतर "पुढच्या आठवड्यात स्लॅब". दोघंही उंचीच मोजत असतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा मालक रविवारी येतो, भिंत वर गेलेली दिसली की समाधानाने हप्ता देऊन जातो. पण घराचं आयुष्य ठरतं ते पुढे झाकल्या जाणाऱ्या कामावर. पाया, सळई, काँक्रीटमधलं पाणी, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, यातलं काहीच नंतर दिसत नाही. साइटवर काही हलत नाही आणि स्लॅबवर नुसतं पाणी साचलंय, असा आठवडा मालकाला वाया गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्या आठवड्यात स्लॅब ताकद धरत असतो.

दर ठरला, पण कशाचा?

बहुतेक भांडणांची सुरुवात इथे होते. चौरस फुटाचा दर तोंडी ठरतो, नारळ फुटतो आणि काम सुरू होतं. शेवटच्या बिलात मात्र पोर्च, जिना, बाल्कनी आणि गच्चीवरची जिन्याची खोली कशी मोजली यावरून वाद होतो. छज्जा पूर्ण धरायचा की अर्धा, पॅरापेट (गच्चीचा कठडा) दरात आहे की वेगळा, पाण्याची टाकी, शौचालयाची टाकी आणि कंपाउंड कोणाकडे, हे पायाभरणीच्या आधी कागदावर यायला हवं. काम फक्त मजुरीवर आहे की मटेरियलसह, तेही. मटेरियलसह असेल तर सिमेंट आणि सळईची कंपनी, विटेचा प्रकार, लादीची दर-मर्यादा आणि वायरचा ब्रँड लिहा. जादा कामाचा दर ते काम करण्याआधी ठरवा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्या. दोन पानी करार पुरतो, पण त्याला नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग जोडलेलं असावं.

पैसा कामाच्या पुढे धावतो

आपल्याकडचा स्थानिक ठेकेदार बहुतेक वेळा गवंड्याचा मिस्त्री आणि मिस्त्रीचा ठेकेदार झालेला असतो. हात चांगला असतो, भांडवल तुटपुंजं असतं. एका वेळी दोन-तीन साइट चालू असतात आणि तुमच्या स्लॅबचे पैसे दुसऱ्याच्या पायाच्या सळईला जातात. दरवेळी त्यात लबाडी असते असं नाही. माणसं टिकवायला त्याला टोळ्यांना उचल द्यावी लागते, आणि होळी-दिवाळीला गावी गेलेली टोळी ठरल्या दिवशी परत येईलच असं नसतं. जून-जुलैत भातलावणी सुरू झाली की डोंगरी भागात स्थानिक मजूरही मिळत नाहीत. म्हणून वेळापत्रक करताना हे महिने आधीच धरा. "चार महिन्यांत देतो" या शब्दावर वास्तुशांतीच्या पत्रिका छापू नका.

हप्ते तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा: जोतं, लिंटेल, स्लॅब, वीटकाम, आतला गिलावा, बाहेरचा गिलावा, फरशी, रंग. प्रत्येक टप्पा मोजून, बघून मगच पैसे. सिमेंट आणि सळईचे पैसे शक्यतो थेट दुकानदाराला द्या आणि बिल स्वतःकडे ठेवा. सरकारी कामात ठेकेदाराची अनामत दोषदायित्व कालावधी (दोष निघाला तर दुरुस्ती ठेकेदारावर असते ती मुदत) संपेपर्यंत राखून ठेवतात. घरासाठीही तेच करावं. माझ्या मते निदान पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवावी, आणि तसं करारातच लिहावं. आयत्या वेळी पैसे अडवले तर ती अडवणूक ठरते. कष्ट त्यानेही केलेले असतात.

झाकण्याआधी बघा

लाइनआउटच्या दिवशी, म्हणजे जमिनीवर घराची आखणी होते त्या दिवशी, टेप घेऊन स्वतः उभे राहा. 30 बाय 40 फुटांचं घर असेल तर दोन्ही कर्ण बरोबर 50 फूट आले पाहिजेत. इथे घर गुण्यात (काटकोनात) नसेल तर लादी बसवताना भिंतीकडेला पाचर कापावी लागते, आणि तेव्हा ओरडून काही उपयोग नसतो.

सळई वजनाने विकली जाते, म्हणून वजन तपासा. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिमीची सळई मीटरला 0.888 किलो भरते, म्हणजे 12 मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोच्या थोडी वर. थोडा फरक चालतो, पण किलोभर कमी भरली तर माल परत पाठवा.

कॉलमच्या उभ्या सळयांना बांधून धरणाऱ्या रिंगांकडे तर कोणी बघतच नाही. रिंगेची दोन्ही टोकं 135 अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरलेली हवीत. घाईत ती नुसती काटकोनात दुमडतात. भूकंपात कव्हरचं (सळईबाहेरच्या थराचं) काँक्रीट गळून पडलं की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. 11 डिसेंबर 1967 ची कोयनेच्या भूकंपाची रात्र ज्या जिल्ह्याने पाहिली, तिथे हा वाक गवंड्याच्या सवयीवर सोडून चालणार नाही. बीम आणि कॉलमच्या सांध्याजवळ रिंगा दाट हव्यात. ड्रॉइंगमध्ये अंतर दिलेलं असतं, टेप लावून मोजा.

सळई फळीपासून अंतरावर ठेवणारे कव्हर ब्लॉक तिच्याखाली हवेत: स्लॅबला 20 मिमी, बीमला 25, कॉलमला 40, फूटिंगला (कॉलमखालच्या पायाला) 50. खडीचा तुकडा किंवा लादीची कपची सरकवली की झालं असं समजतात. काँक्रीट ओतताना ती निसटते, सळई फळीला टेकते, आणि काही पावसाळ्यांनी छताचे पापुद्रे सुटून गंजलेली जाळी दिसू लागते.

आता पाणी. घरासाठी नेहमी वापरतात ते एम-20 प्रतीचं काँक्रीट साइटवर 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात बनवतात आणि सिमेंटच्या एका पोत्याला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी चालतं. क्रश सॅण्ड (दगड दळून केलेली वाळू) ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच धरायचं. माल पातळ केला की तो पटापट सरकतो, मजुराचे हात कमी दुखतात, म्हणून पाईप मिक्सरमध्ये सुटतो. त्याला रागावू नका. बादली ठरवून द्या, पाईप बाजूला ठेवा आणि व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) चालू आहे ना ते पाहा. पोत्यांचाही अंदाज ठेवा: 1000 चौरस फुटांच्या 5 इंची स्लॅबला चार ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडं जास्त काँक्रीट आणि साधारण 95 पोती सिमेंट लागतं, बीम वेगळे. संध्याकाळी रिकामी पोती मोजा.

स्लॅब झाल्यावर त्यावर बांध घालून वाफे करा आणि पाणी भरून ठेवा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किंवा कडक उन्हाळ्यात किमान 10 दिवस ओलावा टिकला पाहिजे. दुकानात आज मिळतं ते बहुतेक पीपीसी, त्यामुळे मी 14 दिवस धरतो. कॉलमवर पाणी टिकत नाही, त्याला ओलं गोणपाट गुंडाळा. "सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो" म्हणणाऱ्या साइटवर एप्रिलच्या दुपारी दोन वाजता जाऊन कॉलमला हात लावून बघा.

सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) लवकर काढायचा आग्रह होतो, त्याचं कारण समजून घ्या. प्लेटा आणि टेके भाड्याचे असतात आणि त्याच संचाची दुसरी साइट वाट बघत असते. म्हणून सहाव्या दिवशीच "स्लॅब कडक झालाय" असं सांगितलं जातं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके 7 दिवस, त्याहून लांब स्लॅबचे 14 दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14 आणि त्याहून लांब बीमचे 21 दिवस ठेवायचे असतात. हा हिशेब ओपीसीचा आहे, पीपीसीला ताकद यायला वेळ लागतो म्हणून मुदत वाढवा. जादा दिवसांचं भाडं मालकाने दिलं तर ठेकेदाराचा बराचसा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे.

जुन्या घराचं नूतनीकरण

इथे सर्वात धोकादायक वाक्य म्हणजे "वर एक मजला चढवून टाकू". जुनी दगड-मातीची किंवा नुसत्या विटांची भिंत पत्र्याचा आणि कौलांचा भार घेत आली, म्हणून ती आरसीसी स्लॅब घेईल असं नाही. आधी दोन-तीन ठिकाणी पाया उघडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला खाली उतरून बघू द्या. फ्लॅटमध्ये भिंत पाडायची असेल तरी त्याचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी घ्या. पाइपासाठी बीमला भोक तर कधीच पाडू देऊ नका.

बाथरूमच्या बाबतीत माझ्याकडूनच एक चूक झाली, ती सांगतो. नात्यातल्या एका घरात वरच्या मजल्यावरचं बाथरूम नव्याने केलं. पाहुणे येणार म्हणून घाई होती. पाणी भरून ठेवायची चाचणी मी सोडून दिली आणि लादी बसवू दिली. दोन महिन्यांत खालच्या खोलीच्या छतावर ओल उतरली. सगळी लादी फोडली, कोबा काढला, तेव्हा नळीच्या सांध्यापाशी फट सापडली. लादीच्या आधी बाथरूम 24 ते 48 तास पाण्याने भरून ठेवलं असतं, तर ती फट तेव्हाच कळली असती. आता चाचणीशिवाय मी लादीवाल्याला आत सोडत नाही.

बिघडलंच तर

गिलाव्यावर केसासारख्या, जाळीदार भेगा दिसल्या तर त्या बहुतेक सुकण्याच्या असतात. रंगाआधी पुट्टीत भरल्या जातात. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे सरळ रेघ पडली, तर सांध्यावर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) न लावताच गिलावा केलेला असतो. कॉलम-बीमवर तिरकी भेग असेल तर मात्र तिच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा.

फळ्या काढल्यावर काँक्रीटमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर गवंडी लगेच थापी आणि मसाला घेऊन धावतो. त्याला थांबवा. आधी फोटो काढा. सैल भाग टाचून काढायचा, खोली बघायची, आणि कशाने भरायचं ते इंजिनिअर ठरवेल.

काम मध्येच थांबलं तर पुन्हा उचल देऊ नका, आणि रागाच्या भरात दुसरा ठेकेदारही आणू नका. नवा माणूस जुन्याच्या कामाची जबाबदारी घेत नाही, आणि मग चूक कोणाची हे ठरवणं अवघड होतं. आधी इंजिनिअरसमोर दोघांनी मिळून मोजमाप करा. झालेलं काम, दिलेले पैसे आणि साइटवर पडलेला माल कागदावर आणा, सह्या घ्या. ठेकेदार येतच नसेल तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून तारीख द्या. बऱ्याच लोकांना महारेरा आठवतो, पण तो बिल्डरच्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घरासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणी येते. तिथे करार, बिलं, वही आणि तारखेसकट फोटो लागतात.

आणि राखून ठेवलेले ते पाच टक्के. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ठेकेदारालाच घेऊन गच्चीवर जा. पाणी नळीकडे वाहतंय की कोपऱ्यात साचतंय, पॅरापेटच्या सांध्यातून ओल येते का, खिडकीच्या छज्जाखालचा गिलावा भिजलाय का, हे दोघांनी मिळून बघा. दुरुस्ती असेल तर पाऊस थांबल्यावरची तारीख ठरवा. नसेल तर त्याच दिवशी त्याचे पैसे देऊन टाका.