सुटे आवाज येतात, पण शब्द जुळत नाही: माझा अनुभव

मुलगी पाच वर्षांची. इंग्रजी अक्षरांचे आवाज तोंडपाठ, पण 'मॅन' वाचताना 'म-ॲ-न' म्हणून थांबायची. कार्डं, ॲप, रोजची उजळणी, सगळं झालं. दोघीही रडकुंडीला आलो होतो.

चूक माझ्या उच्चारात होती. 'म्' ऐवजी मी 'म' शिकवत होते, म्हणजे प्रत्येक व्यंजनामागे एक जास्तीचा 'अ'.

आधी फक्त लांबवता येणारे आवाज घेतले: म्, स्, न्, फ्. खडूने जमिनीवर तीन चौकोन आखले. पहिल्यात 'म्‌म्‌म्', आवाज न तोडता दुसऱ्यात 'ॲॲॲ', तिसऱ्यात 'न्‌न्‌न्'. मग तेच धावत. तिसऱ्या फेरीत ती थबकली, डोळे मोठे करून म्हणाली, "मॅन!"

ट्, प् लांबवता येत नाहीत. ते आठवडाभराने आणले, तेही आधी शब्दाच्या शेवटीच: मॅट, मॅप.