फरशीची पहिली ओळ भिंतीवरून धरू नका

खानापूर-निपाणीकडच्या जुन्या घरांत भिंती क्वचितच काटकोनात असतात. भिंतीला चिकटून सुरुवात केली की तिचा तिरकसपणा प्रत्येक ओळीत उतरतो आणि शेवटी पाचरीसारखे तुकडे कापावे लागतात.

समोरासमोरच्या दोन भिंतींचे मध्य काढून काव लावलेल्या दोरीने सूत मारा, म्हणजे ताणलेली दोरी उचलून सोडून जमिनीवर सरळ रेघ उमटवा. दोरी लांब असेल तर मध्यावर बोटाने दाबून दोन्ही बाजूंना वेगवेगळी उचलून सोडा, नाहीतर रेघ बाक घेते. आडवी रेघ नुसत्या गुण्याने (काटकोन तपासायच्या हत्याराने) काढू नका. दोन्ही रेघा छेदतात तिथून एका रेघेवर 90 सेंमी, दुसरीवर 120 सेंमी मोजा, त्या दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर 150 सेंमी यायला हवे. मोठ्या खोलीत हीच मापे दुप्पट घ्या.

मग माल (फरशी चिकटवायचे मिश्रण) न लावता एक ओळ मांडून पाहा. समजा, खोली 305 सेंमी रुंद, टाइल 60 सेंमीची, सांधा 2 मिमी. मधल्या रेघेवर टाइलचा मध्य ठेवला तर दोन्ही कडांना जेमतेम 2 सेंमीच्या पट्ट्या उरतात. सांधा ठेवला तर 32 सेंमीचे चांगले तुकडे बसतात. शहाबादीचे तुकडे सारख्या मापाचे नसतात, तिथे सर्वांत मोठी लादी धरूनच सांध्याचा हिशेब करा.