आमदारांसाठी आरोग्याचे प्रश्न लिहिताना : नागपूर अधिवेशनातला अनुभव

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की एमएसडब्ल्यू किंवा राज्यशास्त्र केलेल्या मुलामुलींचे फोन येतात. ‘ताई, आमदारांसाठी प्रश्न तयार करायचं काम कसं मिळतं?’ या कामाची जाहिरात निघत नाही. कुणी आमदारांच्या स्वीय सहायकाच्या ओळखीनं येतं, कुणी संस्थेतून, कुणी पत्रकारितेतून. माझा विषय आरोग्य, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

सुरुवातीला बहुतेकांना वाटतं की प्रश्न म्हणजे तक्रार. दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, रुग्णवाहिका आली नाही, हे पोटतिडकीनं मांडलं की झालं. मी ज्यांच्याकडे हे शिकले ते एक ज्येष्ठ आमदार माझं पहिलं पान वाचून म्हणाले होते, “ताई, हा निबंध झाला. मंत्री यातून निसटते कुठून, तेवढं सांगा मले.” आजही प्रश्न लिहून झाला की मी आधी ती निसटायची वाट शोधते.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो. त्याचा साचा ठरलेला असतो. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘त्यानुसार काय कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरांचाही साचा आहे: ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्याच भागाला ‘खरे नाही’ आलं, की खालचे सगळे भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत आडवे होतात. त्यामुळे सगळी मेहनत पहिल्या भागावर करायची.

एक उदाहरण घ्या. ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, हे खरे आहे काय?’ उत्तर येईल, खरे नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याची दोन्ही पदे भरलेली आहेत. कागदावर ते खरंही असतं. त्यातला एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर तालुक्याच्या गावी असतो आणि दुसरा दीर्घ रजेवर. म्हणून विचारायचं असं: मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांपैकी नियमित, कंत्राटी व बंधपत्रित (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेवरचे) किती, प्रतिनियुक्तीवर अन्यत्र काम करणारे किती आणि कोणत्या तारखेपासून? इथं ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही, आकडा द्यावाच लागतो.

औषधांचंही तेच. ‘तुटवडा आहे काय’ म्हटलं की ‘पुरेसा साठा आहे’ हे उत्तर तयारच असतं. सरकारी रुग्णालयातला साठा ई-औषधी प्रणालीवर नोंदवला जातो. तेव्हा औषधाचं नाव घ्या, महिने सांगा आणि त्या काळात साठा शून्य किती दिवस होता ते विचारा. रुग्णाच्या हातात पडलेल्या बाहेरच्या चिठ्ठ्या जपून ठेवायला नातेवाइकांना सांगा. मंत्र्यांच्या उत्तरावर उपप्रश्न विचारताना आमदारांच्या हातात अशी चिठ्ठी असली की सभागृहाचा नूर बदलतो. मात्र रुग्णाचं नाव झाका. ते झाकायची जबाबदारी तुमची, आमदारांच्या घाईत ते राहून जातं.

नागपुरात नवे लोक सर्वाधिक गोंधळतात ते खात्यांवरून. मेडिकल आणि मेयो ही शहरातल्या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. डागा स्त्री रुग्णालय, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. महापालिकेचे दवाखाने नगरविकासाच्या छत्राखाली. मिहानमधलं एम्स केंद्राचं, तिथल्या रांगेबद्दल विधानसभेत विचारून फार काही हाती लागत नाही, त्यासाठी खासदार गाठा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, पण सभागृहात उत्तर आरोग्यमंत्री देतात. अंगणवाडीतला पोषण आहार महिला व बालविकासकडे, आश्रमशाळेतल्या मुलीचं आजारपण आदिवासी विकासकडे. खातं चुकलं की प्रश्न टेबलांवर फिरत राहतो आणि तोवर अधिवेशन संपतं. हा फरक रुग्णाच्या खिशालाही कळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. एकाच शहरात दोन सरकारी दारं आणि दोन नियम! ‘सरकारी दवाखाना फुकट झाला ना?’ असं विचारत मेडिकलच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला हे कोण सांगणार? माझ्या मते यावर जितके प्रश्न यायला हवे होते, तितके आले नाहीत.

निकष पाठ हवेत. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात वीस हजारांमागे. उपकेंद्राला अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजार. गडचिरोली किंवा मेळघाटचा प्रश्न असेल तर नुसत्या लोकसंख्येवर थांबू नका. पावसाळ्यात किती गावांचा संपर्क तुटतो, गरोदर बाईला किती आधी हलवावं लागतं, तेही विचारा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबाबत तपासण्यांचे आकडे भरभरून मिळतात. तपासणीत सापडलेल्यांपैकी नियमित औषध किती जणांना मिळतं, ते विचारलं की उत्तर आखडतं.

माहिती कुठून आणायची? माहितीचा अधिकार आहेच. पण उत्तराची मुदत तीस दिवसांची आणि तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, हे गणित जुळवायचं तर दिवाळीची वाट पाहू नका. त्याहून भरवशाच्या असतात गावोगावच्या आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक. अधिवेशनात मानधनासाठी त्यांचे मोर्चे येतात. पोलिस मोर्चा अडवतात आणि मग दुपारभर बसून राहायचं असतं. त्या दुपारी त्यांच्याशेजारी बसा. कोणत्या उपकेंद्राला कुलूप असतं, १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला डिझेल कधीपासून नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. फक्त त्यांचं नाव तुमच्या कागदावर कुठंही येऊ देऊ नका. प्रश्न लागला की खालच्या कार्यालयात ‘हे बाहेर कुणी सांगितलं’ याचा शोध आधी सुरू होतो.

सरकारी कार्यालयांत आमदारांच्या अशा प्रश्नाला एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. ‘एलएक्यू आलाय’ म्हटलं की रजा रद्द होतात. कक्ष अधिकाऱ्याकडून उपसंचालक, तिथून जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा शल्य चिकित्सक, मग तालुका, मग ज्याच्याबद्दल प्रश्न आहे तो दवाखाना. एखादी रखडलेली नेमणूक किंवा बंद एक्स-रे यंत्र उत्तर यायच्या आधीच मार्गी लागतं ते याच घाईत, कारण लेखी उत्तरात ‘कार्यवाही पूर्ण झाली आहे’ लिहिता यावं. प्रश्न सभागृहात पुकारलाच नाही तरी एवढं पदरात पडतं. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष होतात, बाकीच्यांची उत्तरं छापील राहतात. नवीन मुलं यावर हिरमुसतात. हिरमुसू नका, छापील उत्तर हा सरकारचा कबुलीजबाब असतो, तो फाइलला लावा.

घटना ताजी असेल तर तारांकित प्रश्नाच्या नादी न लागता विधानसभेत नियम १०५ खाली आणि विधान परिषदेत नियम १०१ खाली लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, द्यायची. विषय मोठा असेल तर विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० ची चर्चा आहे. भाषणं लांबतात, पण मंत्री उत्तरात जे कबूल करतात ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि त्यासाठी आश्वासन समिती असते. भाषणाची अधिकृत प्रत मिळवून ते वाक्य शोधून ठेवायचं कामही आपलंच.

हे अधिवेशन नागपुरात भरतं ते नागपूर करारामुळे. विदर्भ महाराष्ट्रात येण्याच्या अटी ठरवणारा हा करार २८ सप्टेंबर १९५३ चा. वर्षातून एक अधिवेशन इथं व्हावं हे त्यातलं कलम. पण ते किती दिवसांचं, यावरच सगळं अवलंबून. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर असं आटोपलं आणि मंत्र्यांची खाती शेवटच्या दिवशी जाहीर झाली. आरोग्यमंत्रीच ठरलेला नाही तर विचारणार कोणाला? अशा वर्षी तयार केलेले कागद फेकू नका, ते मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कामी येतात.

राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासनात एमए करत असाल तर राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा अभ्यासवर्ग हिवाळी अधिवेशनाच्या वेळी विधानभवनात भरतो. विभागप्रमुखांकडे आधीच नाव द्या. बाकीच्यांनी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून तारांकित प्रश्नोत्तरांच्या जुन्या याद्या उतरवून घ्याव्यात आणि आरोग्य विभागाची उत्तरं वेगळी काढावीत. त्यांतली ‘अंशतः खरे आहे’ असलेली आधी वाचा. काय मान्य केलं आणि काय गाळलं ते समासात लिहा, आणि गाळलेल्या भागावर नवा प्रश्न करून एखाद्या आमदारांच्या सहायकाला नेऊन दाखवा. आमदार निवासात सकाळी आठच्या आत गेलात तर भेट होते, नंतर ते सगळे विधानभवनाच्या प्रवेश पासेसच्या मागे असतात.