व्हिडिओ कॉलवर तास: शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी

हे प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात, वेगवान वायफायवर देऊ नये. आम्ही पहिले प्रशिक्षण तसेच दिले. तेथे सर्वांना सर्व काही जमले आणि गावी परतल्यावर बहुतेकांचा पहिलाच तास मध्येच तुटला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत तासभर ओळख करून द्यावी आणि पुढचा सराव प्रत्येकाने आपल्या वर्गात, आपल्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, शेजारच्या गावातील शाळेशी जोडी लावून करावा.

परिषदेतच एक चूक हमखास होते. सगळे शिक्षक एका खोलीत बसून एकाच मीटिंगमध्ये शिरतात, एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. अशा वेळी एकाच उपकरणाचा माइक व स्पीकर चालू ठेवून बाकीच्यांचे दोन्ही बंद करावेत. केवळ माइक बंद केल्यास सर्व स्पीकर मागेपुढे बोलत राहतात.

चित्रापेक्षा आवाजावर अधिक वेळ द्यावा. चित्र अडखळले तर मुले थोडी वाट पाहतात, आवाज तुटला की वर्ग हातातून जातो. आवाजाला सेकंदाला 100 किलोबिटांहून कमी वेग पुरतो, चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून रेंज कमी झाल्यास आधी कॅमेरा बंद करण्याची सवय लावावी. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो आणि जुलैच्या सरीत तर शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. अशा खोलीत सतरंज्या अंथराव्यात, शिक्षकाने कॉलरला लावायचा माइक वापरावा आणि मुलांनी एकेक करून माइकजवळ येऊन बोलावे. कॅमेऱ्यासमोर खिडकी नसावी, एवढे सांगितले तरी चित्राचे काम भागते.

डेटाचा हिशेब शिक्षकांकडूनच करून घ्यावा. सेकंदाला 1 मेगाबिट वेगाने तासाला सुमारे 450 मेगाबाइट खर्च होतात, म्हणजे रोजच्या 1.5 जीबीच्या पॅकमधला जवळपास तिसरा हिस्सा. झूमची मोफत मीटिंग 40 मिनिटांत संपते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक उपकरणे असल्यास मर्यादा 60 मिनिटांची आहे. एका तासिकेला दोन्ही पुरतात. मीटिंगची लिंक गावाच्या खुल्या ग्रुपवर टाकू नये आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे रेकॉर्डिंग करू नये.

सरावासाठी असा विषय निवडावा की, समोरच्या शाळेकडे सांगण्यासारखे खरोखर काही असेल. चिखलदऱ्याची मुले तेथील कॉफीच्या झाडांविषयी सांगतील आणि लोणारची मुले उल्कापाताने बसॉल्ट खडकात झालेल्या सरोवराविषयी. प्रश्न आदल्या दिवशी वहीत लिहून आणावेत, कारण कॉलवर विचार करण्यात गेलेला वेळ फार लांब वाटतो. चिखलदऱ्याकडच्या कोरकू ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलांना प्रश्न आधी आपसात त्यांच्या भाषेत मांडू द्यावा.

वीज जाणार हे गृहीत धरावे. लॅपटॉप रात्रीच चार्ज करावा. प्रोजेक्टर मात्र बहुधा बंदच पडतो, म्हणून त्या तासाचा मुख्य मुद्दा फळ्यावर आधीच लिहिलेला असावा. सरावाच्या शेवटच्या फेरीत प्रशिक्षकाने न सांगता कॉल तोडावा आणि शिक्षक दोन मिनिटांत फळ्याकडे वळून तास पुढे नेतो का, ते पाहावे.