जीपीएसवरचा ट्रॅक घरी नेताना

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठाने तासभर चालून जीपीएस यंत्रात त्याची कडा नोंदवली, घरी उघडून बघतो तर आदल्या दिवशीच्या रेघा तिच्यातच गुंतलेल्या. दोन मिनिटं आधी दिली तर हे टळतं.

१. निघण्याआधी जुना ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची यंत्राने नोंदलेली रेघ, सेव्ह करा आणि चालू ट्रॅक पुसून टाका. मोकळ्या आभाळाखाली उभं राहून अचूकता ५ मीटरच्या आसपास आली की मगच पाऊल उचला.
२. पायी चालताना नोंद दर ५ सेकंदांनी ठेवा.
३. परतल्यावर ट्रॅकला जागा आणि तारखेचं नाव द्या. यूएसबी केबल लावून गार्मिनच्या यंत्रात 'गार्मिन' फोल्डरमधल्या 'जीपीएक्स'मधून फाइल कॉपी करा. संगणकावर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओढून टाकली की उघडते.

आकडे वहीत उतरवत असाल तर अक्षांश-रेखांश दशांश अंशांतच घ्या, तेच सोपं. यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत, घेतलंत तर झोनही लिहा. नागपूर ४४ मध्ये येतं, पण ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला असलेलं अमरावती ४३ मध्ये. झोन चुकला की बिंदू शेकडो किलोमीटर सरकतो!

आणि हो, संगणकावर रेषा डोळ्यांनी बघितल्याशिवाय यंत्रातली फाइल पुसू नका.